चौथी हाक

कोसमटोला, जि. गडचिरोली
२ जून

चि. पत्रूस सुकरीबाईचा आशीर्वाद.

सोमवारी तुझा फोन वाजला तेव्हा मी तो उचलून पाण्याच्या हंड्यात टाकला. रागावू नकोस. सगळ्या गावाने फोन बंद केले आहेत. फोनमधून येते तीही बाहेरचीच हाक, आणि ती माझ्या भावाची की त्याचा आवाज घेतलेल्या दुसऱ्या कुणाची, हे चुलीपाशी बसून कसं कळावं? पत्राला आवाज नसतो, म्हणून पत्र बरं. शिवाय डाकेच्या थैलीला कोणी हात लावायचा नाही, असा मार्कंड्याला झालेला करार आहे. आपण माणसं, वैनगंगेच्या डोहातले डोहकरी, तुमच्या खाणीतले कोळस्ये आणि पलटे, चौघांनीही तो आजवर पाळला आहे. आपला डाकवाला गोपालभाऊ अजून सायकलची घंटी वाजवत येतो.

पलटा आपल्या बाजूला उतरला आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत त्याने बापूजीला उचललं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिवेपलीकडून बापूजीच्या आवाजात त्याच्या बायकोला हाक आली, "रंभे, मले पाणी आन वं." पहिल्या हाकेला रंभाने कान झाकले, दुसरीला रडली, तिसरीला "आली जी" म्हणून धावत सुटली. आम्ही बायका तिच्या लुगड्याला लोंबकळलो. लुगडं आमच्या हातात राहिलं. मोहाच्या झाडापलीकडे तिची वेणी सापडली, वेणीला डोक्याची कातडी होती. आता त्याच्याकडे बापूजीचा आवाज आहे आणि रंभाचाही.

खाणीत राहून तू विसरला असशील, म्हणून आईचे शब्द परत लिहिते. हसायचं तर हस. पलटा दिसतो वाघासारखा, पण ज्याला खातो त्याचं रूप, आवाज आणि डोक्यातलं सगळं त्याचं होतं. हाका मात्र त्याला तीनच मारता येतात. चौथी हाक मारतं ते आपलंच माणूस. म्हणून चौथ्या हाकेवाचून ओ द्यायची नाही, मग बाहेर आमदार उभा असो.

शीव पक्की आहे. चैतात बांधली. नेमाप्रमाणे बोटाचं एक पेर मोहाखाली पुरलं, रक्ताचा दोरा चारी झाडांना फिरवला. पुढच्या चैतापर्यंत तो वाघ होऊन आत येऊ शकत नाही.

करिश्माच्या डाव्या करंगळीचं पेर गवत कापताना विळ्याने गेलं. जखम सुकली आहे, उगाच धावत येऊ नकोस. तुझे भाऊजी मजेत आहेत. काल तुझ्या नावाने बोटं मोडत होते, "तुहा भाऊ मोहाची पेवाले येते, रोवणीले येत नाई." या वर्षी धान रोवायला ये आणि त्यांचं तोंड बंद कर.

सुकरीबाई


घुग्घुस
१४ जून

बाईस पत्रूचा जोहार.

फोन हंड्यात टाकलास ते ठीक, पण त्याच हंड्यातलं पाणी चैतू भाऊजींना पाजू नकोस. पोटात घंटी वाजेल.

बाई, तो इथेही येऊन गेला. गुरुवारी दुपारच्या शिफ्टला मी डंपर भरून वर येत होतो. खाणीच्या काठावर एक म्हातारा नावाडी उभा होता, सिरोंच्याकडचा, खांद्यावर जाळं. तेलुगूत पाणी मागत होता. इथल्या धुळीत कोणीही पाणी मागतं. माझा जोडीदार प्रफुल बाटली घेऊन उतरला. नावाडी "तम्मुडू" म्हणाला, धाकट्या भावाला म्हणतात तसं, आणि बाटली घेता घेता पलटला. प्रफुलचा हात बाटलीसकट खांद्यातून निघाला. मी डंपरचा भोंगा दाबून धरला, तेव्हा खालच्या थरातून कोळस्ये वर आले.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दगडी कोळशाचीच माणसं, आमच्या खुदाईने जागी झालेली, छातीत निखारा. एरवी मीठ मागतात आणि मुकाट काम करतात. त्या दिवशी एकजुटीने त्याच्यावर पडले. त्याने पंजाने तिघांना फोडलं. माठ फुटावा तसे ते फुटले आणि निखारे धुळीत विझले. एकाने मरता मरता स्वतःच्या छातीत हात घातला, निखारा बाहेर काढला आणि त्याच्या डाव्या कानावर दाबून धरला. कान जळून गेला. तशी किंकाळी मी आजवर ऐकली नाही. कोळस्ये म्हणतात, आमच्या निखाऱ्याची खूण कोणतंही रूप घेतलं तरी पुसली जात नाही.

पण प्रफुलला तो घेऊन गेला. रस्त्यावर रक्ताची ओळ उरली. तिच्यावरून ट्रक जात राहिले आणि संध्याकाळपर्यंत ती कोळशाइतकी काळी झाली.

आता शिफ्ट सुटताना कुंपणाबाहेरून प्रफुल हाक मारतो. "पत्रू, डबा राह्यला ना बे." मी दात दाबून धरतो आणि चालू लागतो. तीन हाका झाल्या की तो गप्प होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

करिश्माच्या बोटाचं वाचून जेवण गेलं नाही. तिला चंद्रपूरला नर्सिंगला घालायचं मी ठरवलं आहे, कॉलेजात विचारून आलो. तिला शिवेच्या कामात ओढू नकोस. आईचे दोन्ही हात पाहिले, तुझा डावा पाहिला, बस झालं. मला शब्द दे.

रोवणीला येतो. भाऊजींना सांग, मोहाची काढून ठेवा.

पत्रू


कोसमटोला
२७ जून

चि. पत्रूस आशीर्वाद.

प्रफुलच्या आईकडे जाऊन बस. काही बोलू नकोस, नुसता बस.

शब्द मागतोस? करिश्मा माझ्या पोटची आहे, तिचं भलंबुरं मला कळतं, एवढं लिहिते. पोरगी तुझी भाची आहे तशी माझीही कोणीतरी लागते.

रविवारी तो वाघ होऊन शिवेवर आला. ऐनाच्या झाडापाशी धडका मारत राहिला. दर धडकेला झाडातून लाल पाणी गळत होतं आणि माझ्या हाताच्या जुन्या खुणा ठणकत होत्या. आत येता येईना तेव्हा त्याने पलीकडे चरणारा सगळा कळप फाडला. एकही जनावर खाल्लं नाही. आतडी फांद्यांवर फेकली, वासरांची मुंडकी शिवेवर ओळीने मांडली आणि रंभाच्या आवाजात हसला.

मी मार्कंड्याला डोहकऱ्यांकडे गेले. डोहकरीण म्हातारी शेवटच्या पायरीपाशी कमरेइतक्या पाण्यात उभी होती. बोटांमध्ये पडदे, डोळे माशासारखे उघडेच. तिला विचारलं, "याले मारावं कसं?" ती म्हणाली, "माणसाच्या रूपात तुमची शीव कोणालेही ओलांडता येते. पण शीव राखणारीनं त्याले तीनदा ओ देल्ली नसन, तं आत आल्यावर त्याले पलटता येत नाई. आन् न पलटलेला पलटा तुमच्यासारखाच मरते."

म्हणजे तीनदा ओ मिळाली तर तो आत येऊन वाघ होणार आणि गाव संपवणार. नाही मिळाली तर आत पाऊल टाकायचीच त्याला भीती. म्हणून तो येत नाही, नुसता शिवेशी थांबून राखणारीच्या ओची वाट पाहतो. पाहू दे. तिन्हीसांजेला मी कानात कापूस घालून भाकऱ्या थापते.

तू येशील तेव्हा नाक्यावरून चार जणांसोबत ये. एकटा नको.

सुकरीबाई


नाका
१४ जुलै

सुकरी अक्काला पत्रूचा नमस्कार.

मी आलो आहे. पाय दुखावला आहे. चालता येत नाही. नाक्यावरच्या जुन्या गोदामात पडून आहे. चैतू भाऊजींना बैलगाडी घेऊन पाठव. एकटेच येऊ देत, गर्दी नको.

तुझ्या हातची भाकर आठवते. करिश्मा आठवते. आता मोठी झाली असेल.

या पत्राचं उत्तर दे. गोपाल डाकवाल्याला गोदामाच्या खिडकीत ठेवायला सांग. उत्तर नक्की दे, अक्का.

पत्रू


कोसमटोला
१७ जुलै

चि. पत्रूस आशीर्वाद.

अक्का काय रे? बोलता येऊ लागल्यापासून मला बाई म्हणतोस. घुग्घुसात तेलुगू बायको करून बसलास की काय? केली असशील तर गाडीत तिलाही घाल, इथे रोवणीला हात कमीच आहेत.

पायाला काय झालं ते एका शब्दाने लिहीत नाहीस. डंपरखाली आला का? पडलास का? तुला लहानपणी काटा रुतला तरी गाव गोळा व्हायचं, आणि आता पाय गेला तरी तीन ओळी. काळजीने माझा जीव अर्धा झाला.

तुझे भाऊजी शुक्रवारी सकाळी गाडी जुंपून निघतील. मी म्हटलं चार जण घेऊन जा, तर म्हणतात, "पत्रूनं एकट्याले बलावलं, त्याच्या मनात काई असन." उन्हं चढायच्या आत पोचतील. हळद आणि जुनं तूप पाठवते, पायाला लाव.

बाई


नाका
२५ जुलै

अक्का,

तुझं उत्तर मिळालं. बरं वाटलं.

गाडी आली नाही. मी खिडकीतून रस्ता पाहत राहिलो. भाऊजी कुठे आहेत? तुम्ही घरी कोण कोण आहात? मला भूक लागली आहे.

पुन्हा उत्तर दे.

पत्रू


कोसमटोला
३० जुलै

पत्रू,

गाडी निघाली होती. नाल्याच्या उतारावर उलटी सापडली. एक बैल जुवाखाली मोडलेला, दुसऱ्याचं पोट मोकळं. तुझे भाऊजी बाभळीवर चढायला गेले असतील. सालीत त्यांची नखं रुतलेली होती, नखंच फक्त. खाली एक पाय होता, चपलेसकट. ती चप्पल मीच होळीला आणून दिली होती. बाकी काही ठेवलं नाही त्याने. तुझ्यासाठी दिलेल्या तुपाचा डबा मात्र तसाच, झाकणही उडालं नव्हतं.

पाऊस होता, चिखल लाल झाला होता. मी त्या चिखलात बसून ओरडले. लोक म्हणाले उठ, उठले नाही. शेवटी करिश्माने मला काखेत धरून ओढलं.

मग घागर घेऊन हाक मारायला गेलो. तुला माहीत आहे, बाहेर मेलेल्याला मेला तिथे जाऊन चार हाका मारायच्या, तो घागरीत येऊन बसतो, घागर जड होते आणि मग त्याला घरी आणायचं. चार मारल्या. घागर हलकीच राहिली. म्हातारे म्हणतात, पलटा जिवंत असेतो तो आपल्या पोटातला एकही माणूस सोडत नाही.

माझा नवरा त्याच्या पोटात आहे, पत्रू. भाकर गिळवत नाही मला.

तू गोदामाबाहेर पडू नकोस. दार लावून घे. आता माझ्याकडे तूच एक आहेस.

बाई


नाका
६ ऑगस्ट

अक्का,

रडू नकोस. मी तुझ्याकडे येतो. पाय बरा आहे. सोमवारी दुपारी मोहाच्या झाडाकडून येईन. तू फक्त "ये" असं लिही. एकच शब्द पुरे.

भाऊजींनी कुऱ्हाड कणगीच्या मागे पोत्यात गुंडाळून ठेवली आहे. ती तिथेच राहू दे. भाऊ घरी येतो तेव्हा पातं उघडं असू नये.

तू आणि करिश्मा, दोघीच समोर या.

पत्रू


(उंबऱ्यावर ठेवलेली चिठ्ठी)
९ ऑगस्ट

सुकरीबाई, माफ करा. समोर यायची हिंमत नाही.

सोबतचं पत्र जुलैच्या सुरुवातीपासून माझ्या थैलीत आहे. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मरणाची खबर, आणि ती रोवणी चालू असताना दारात नेत नाहीत, रोप धरत नाही म्हणतात. तुम्हालाही माहीत आहे. पत्र पत्रूभाऊचं होतं, म्हणून मी समजलो तिकडचं कोणी गेलं असेल. स्वतःच्या मरणाचा कोपरा कोणी स्वतः फाडते का? मग त्यांचीच पुढची पत्रं येत गेली आणि मी निर्धास्त झालो. गावाची रोवणी काल संपली.

गोपाल डाकवाला


(कोपरा फाटलेलं पत्र)
घुग्घुस
५ जुलै

बाईस पत्रूचा जोहार. हा शेवटचा.

काल शिफ्ट सुटताना भोंगा वाजत होता, पोरं ओरडत होती, ट्रक मागे घेत होते. त्या गोंधळात मागून कोणीतरी "पत्रू" म्हणालं आणि माझ्या तोंडून "हाव" निघून गेलं. इतके दिवस जपलं आणि असं निसटलं. मागे पाहिलं तर कुंपणापलीकडे प्रफुल उभा होता, डाव्या कानाच्या जागी जळालेलं भोक. नुसता मान हलवून गेला. ओ दिलेल्या माणसाला तो कुठेही शोधून काढतो.

कोळस्ये मला खालच्या थरात लपवायला तयार आहेत. पण तो माझ्यामागे खाली उतरला तर आख्खी शिफ्ट मरेल. म्हणून मीच बाहेर जातो, रस्त्याकडेच्या राखेच्या ढिगाऱ्यापाशी. हातात लोखंडी सब्बल आहे. एकदोन टोले तरी घालीन. भीती वाटते बाई, पण घालीन.

आता नीट ऐक. माझ्या डोक्यातलं सगळं त्याचं होईल. तुझं घर, गावाची वाट, माझं अक्षरसुद्धा. माझ्या नावाने काही आलं तर समज ती हाक आहे. उत्तर देशील तर ती ओ होईल. शीव राखणारी तू आहेस हे त्याला माझ्यातूनच कळणार.

आणि मला माहीत नसलेलं काही तुझ्याकडे असेल तर तेच जप. तेवढंच त्याला कळणार नाही. तू माझ्यापासून कधी काही लपवत नाहीस, हे मला ठाऊक आहे. या वेळी लपवलं असशील तर फार बरं होईल.

करिश्माला शिकव. मला हाक मारायला ये. इथे ट्रकचा आवाज फार असतो, जरा जोरात मार.

कोपरा मीच फाडला. दुसरं कोण फाडणार?

पत्रू


कोसमटोला
१० ऑगस्ट

पत्रू,

ये.

सोमवारी दुपारी, मोहाकडून. भाकर करून ठेवते. मी आणि करिश्मा दोघीच असू.

तुझी अक्का


घुग्घुस
२० ऑगस्ट

चि. पत्रूस बाईचा आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी गोपालच्या घरी गेले आणि त्याच्या कानाखाली वाजवली. तो गाल धरून रडला, मी त्याच्या ओट्यावर बसून रडले, मग त्याच्याच हातचं पाणी प्यायले. त्याने एक फाटका कोपरा पाळला आणि माझा नवरा गेला. पण मीसुद्धा हेच केलं असतं रे. रोवणीत कोण असलं पत्र दारात नेतं?

कुऱ्हाडीचं मला आधीच खटकलं होतं. निघायच्या दिवशी चैतूने ती कणगीमागे ठेवली आणि मला कानात सांगितलं. ते गोदामात पडलेल्या पत्रूला कसं कळेल? चैतूला खाल्ल्याशिवाय ते कोणाला कळणार नव्हतं. अक्का म्हणणंही त्याच्या तोंडात त्या तेलुगू नावाड्याकडून राहिलेलं. कुऱ्हाडीचं पत्र आलं त्या रात्रीपासून मला अंदाज होता. तुझ्या पत्राने खात्री झाली आणि मी "ये" लिहिलं.

कारण तुझ्यापासून मी लपवलं होतं, पत्रू. चैतात पुरलं ते पेर माझं नव्हतं, करिश्माचं होतं. गवत कापताना गेलं ते सगळं खोटं. माझ्या डाव्या हातात द्यायला काही उरलं नव्हतं, आणि उजवा द्यायला लागले असते तर कुऱ्हाड कशाने धरली असती? ती म्हणाली, "माय, माझं घे." मी विळा तापवला आणि घेतलं. ती ओरडली नाही, ओठ चावून रक्त काढलं तिने. जिचं पेर पुरलं तीच शीव राखते, आणि हे देणारी आणि कापणारी या दोघींशिवाय कोणाला सांगायचं नसतं, नवऱ्यालाही नाही. चैतूलाही विळ्याचंच सांगितलं होतं. तुला सांगितलं असतं तर तू शिव्या देत धावत आला असतास. तुला माहीत नव्हतं म्हणून त्याला माहीत नव्हतं. मी तीनदा दिलेली ओ फुकट होती. राखणारीने एकदाही दिली नव्हती.

तो सांगितल्या वेळी आला. तुझ्या अंगाने, तुझ्या निळ्या शर्टात. डोक्याला दुपट्टा डाव्या कानावरून घट्ट बांधलेला. मी मोहाखाली भाकरीची टोपली घेऊन उभी होते, फडक्याखाली कुऱ्हाड. करिश्मा माझ्या मागे. शिवेपाशी थांबून त्याने दोऱ्याकडे पाहिलं आणि हसला, तुझंच हसणं. मग पाऊल आत टाकलं.

आत येताच त्याने पलटायला पाठ वाकवली. काही झालं नाही. पुन्हा वाकवली. मग माझे हात पाहिले, मग करिश्माची करंगळी पाहिली. त्याला कळलं तेव्हा तुझा चेहरा असा घाबरला की माझा पहिला घाव चुकला आणि खांद्यात बसला. तो म्हणाला, "बाई." अक्का नाही, बाई. "बाई, मी होय ना वं, पत्रू. मारू नको मले." माझा हात थांबला. खोटं सांगत नाही, थांबला. तेवढ्यात तो अंगावर पडला आणि माझ्या मानेत दात घुसवले, माणसाचे दात, म्हणून जगले. करिश्माने मागून दुपट्टा ओढून काढला. कानाच्या जागी जळालेलं भोक.

"माय, मामा नोहे तो! घाल!"

दुसरा घाव मानेवर घातला. तिसरा तोंडावर, कारण ते तोंड तुझं होतं आणि मला पाहवत नव्हतं. करिश्मा विळ्याने पोट फाडत होती आणि रडत होती. तो लवकर मेला नाही. फाटलेल्या गळ्यातून एकेक जण बोलत होतं. नावाडी तेलुगूत काही मागत होता, प्रफुल डब्याचं म्हणत होता, रंभा "आली जी, आली जी" करत होती. शेवटी चैतू बोलला, "सुकरे, गाडी जुंपू का?" त्याही आवाजावर मी कुऱ्हाड घातली. नंतर नुसतं मांस होतं तरी मी घालत राहिले. गाव लांब उभं होतं. कोणी जवळ आलं नाही. करिश्मानेच माझ्या बोटांतून दांडा सोडवला.

दुसऱ्या दिवशी नाल्यावर जाऊन तिने बापाला हाका मारल्या. चौथीला घागर जड झाली. रंभाला आणि बापूजीला त्यांच्या माणसांनी आणलं. प्रफुलची आई इथे खाणीवर येऊन त्याला घेऊन गेली, सोबत डबा आणला होता तिने.

उरलास तू. सकाळपासून आम्ही दोघी या राखेच्या ढिगाऱ्यापाशी बसलो आहोत. तुझी सब्बल सापडली, वाकलेली, टोकाला वाघाचे केस. टोला घातला होतास म्हणजे. कोळस्ये कुंपणाआड उभे आहेत, मी त्यांना मीठ दिलं. तू सांगितलंस तशी जोरात हाक मारली. तीन मारल्या. घसा फाटला, मानेची जखम उसवली, ट्रकवाले भोंगे वाजवून गेले. घागर हलकीच.

मग माझ्या ध्यानात आलं. याच गोंगाटात तू एकदा फसला आहेस. आता इथे कोणी नाव घेऊन ओरडलं तर तू कसा येशील? शहाणा झालास, उशिरा झालास. म्हणून चौथी हाक ओरडत नाही. कागदावर लिहून घागरीत सोडते. पत्राला आवाज नसतो.

पत्रू, बाई आली आहे. घरी चल.

करिश्मा घागर उचलायला गेली. तिला एकटीला उचलवत नाही.